आपल्याला काय त्याचं? नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाबाहेर एखादा रिक्षावाला सुरगाण्याकडून आलेल्या म्हाताऱ्याकडे जवळच्याच सिव्हिल हॉस्पिटलपर्यंतचे अव्वाच्या सव्वा पैसे मागताना दिसला, तर लगेच मोबाईल काढावा. शूटिंगसाठी नव्हे! फोन आल्यासारखं करून पुढे सटकता येतं, म्हणून. ‘हॅलो’ जरा मोठ्याने म्हणावं.

हे सोपं, कारण तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही. खरी कसोटी सोसायटीच्या सभेत लागते. समजा, गंगापूर रोडला तुमचा फ्लॅट आहे आणि विषय निघाला की, कामवाल्या मावशींनी लिफ्ट वापरायची नाही, जिन्याने यायचं. मावशींचं काम सातव्या मजल्यावर. पण गुडघे त्यांचे आहेत, तुमचे नाहीत, हे मनाला बजावावं. चेअरमननी ‘कोणाची हरकत?’ विचारलं की चहाचा कप तोंडाला लावावा. रिकामा असला तरी चालतो. अगदीच अंगाशी आलं तर ‘दोन्ही बाजू ऐकून घ्यायला हव्यात’ म्हणावं. (दुसऱ्या बाजूला सभेला बोलावलेलंच नाही, हे दाखवून देणाऱ्याला पुढच्या वर्षी सेक्रेटरी करावं. आपोआप गप्प बसतो.)

एखाद्या बाई उठून विरोध करतातच. त्यांना सभेत एकटं पडू द्यावं. नंतर पार्किंगमध्ये गाठून, इकडेतिकडे बघून, ‘मॅडम, तुमचं अगदी बरोबर होतं हं’ असं हळूच सांगावं. यात धैर्याचं समाधान मिळतं आणि मेंटेनन्सवाल्यांशी संबंधही बिघडत नाहीत.

काही लोकांना हे जमलंच नाही. डॉ. आंबेडकरांचे सहकारी गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे घ्या. जातीने ब्राह्मण, महाडच्या चवदार तळ्यावर त्यांना कोण अडवणार होतं? तरी २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती दहनाचा ठराव मांडायला हेच उभे! तहान दुसऱ्याची आणि घसा यांचा.

आपल्या नाशकात मात्र शहाण्यांची परंपरा मोठी. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला, तेव्हा मंदिराची दारं बंद झाली. ज्यांना एरवी खुशाल आत जाता येत होतं, त्यांतले कितीतरी घरीच बसले. त्यांचं काय बिघडलं? नावं कोणाला ठाऊक नाहीत, म्हणजे ठपकाही नाही. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं. पण तो विषय इतिहासवाल्यांचा, आपण त्यात पडू नये.

पाठिंबा द्यायचा नाही असं नाही, फक्त वेळ साधावी. नव्वदेक वर्षं उलटली की कुठल्याही अन्यायाविरुद्ध बिनधास्त बोलता येतं. मंदिरासमोर मुलांना उभं करावं, फोटो काढावा आणि ‘त्या काळी मी असतो ना, तर पहिल्या रांगेत बसलो असतो’ असं ठणकावून सांगावं.

हल्लीची मुलं आगाऊ. ‘मग बाबा, मावशींच्या लिफ्टचं काय?’ असं विचारतात. अशा वेळी गृहपाठ झाला का, ते विचारावं.