स्थितीस अनुरूप

रविवारची उपासना आटोपली की नगरहून मावशीचा व्हिडिओ कॉल येतो. परवा ती बोलत असतानाच धाकट्याने माझ्या हातातला फोन हिसकावला आणि धूम ठोकली. मावशीने तिथूनच निकाल दिला, "अगं, एक ठेवून दे त्याला. छडी आवरतो तो लेकराचा वैरी, बायबलमधलं वचन आहे." म्हटलं, मावशी, इथं कायदा आहे. "म्हणूनच तिकडची पोरं तसली!"

कायदा आहे, हे खरं. मी कार्डिफला राहते आणि वेल्समध्ये 21 मार्च 2022 पासून आईबापांनीही मुलावर हात उगारणं बेकायदा आहे. सेव्हर्न नदीवरचा पूल ओलांडून तासाभरात ब्रिस्टल गाठलं, की इंग्लंडात 'वाजवी शिक्षा' हा बचाव आईबापांना अजून मिळतो. म्हणजे मुलाचा गाल तोच, फक्त नदी मधे. भारतात 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतली छडी काढली, घरातलीला हात लावला नाही. त्यामुळे आपल्याकडे वाद फिरून फिरून तिथंच येतो: मारावं की मारू नये. मावशी एका बाजूला, व्हॉट्सॲपवरच्या माझ्या मैत्रिणी दुसऱ्या बाजूला.

इथल्या चर्चमधल्या आया मात्र भलत्याच गोष्टीवर तासन् तास बोलतात. मार विषयातच नाही, मग उरलं काय? उरलं ते मूल. चार मुलं वाढवलेली एक आजी सांगत होती, थोरल्याला खोलीत पाठवलं की तो रडून आकांत करायचा. तिसरीला पाठवलं की ती पुस्तक घेऊन मजेत बसायची, तिला ती शिक्षा नव्हेच, बक्षीस. मला माझं घर दिसलं. थोरलीवर आवाज चढवला तर ती दोन दिवस आत आत मिटून जाते. धाकट्यावर चढवला तर तो हसतो.

गंमत अशी, की हे शिकायला वेल्सला यायची गरज नव्हती. नगरच्या शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, आम्ही बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायातलं सहावं वचन घोकून पाठ केलं होतं. इंग्रजी बायबल तिथं मुलाने ज्या मार्गाने जावं तो मार्ग त्याला शिकवा म्हणतं. आपलं मराठी बायबल म्हणतं, 'मुलाच्या स्थितीस अनुरूप' शिक्षण दे. मूळ हिब्रूत 'त्याच्या वाटेप्रमाणे' असं काहीसं आहे, आणि ती वाट कोणाची, यावर अभ्यासकांचा वाद आहे. मला आमचा मराठी अनुवाद जास्त आवडतो. पण घराघरांत मावशीच्या वचनातली, तेराव्या अध्यायातली छडी वापरात राहिली आणि बाविसावा चौकटीत जाऊन भिंतीवर बसला.

छडी आणि 'स्थितीस अनुरूप' एकाच घरात नांदल्याचं सगळ्यात अवघड उदाहरण सुझॅना वेस्ली, मेथडिस्ट ही ख्रिस्ती चळवळ उभारणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्लींची आई. इंग्लंडातल्या एपवर्थच्या पाळकाची, म्हणजे धर्मगुरूची बायको, एकोणीस मुलं, जगली दहा. मुलाची इच्छाशक्ती आधी मोडली पाहिजे, असं ती मानायची; वर्षाची झाली की तिची मुलं छडीला भ्यायला आणि हळू आवाजात रडायला शिकायची, हे तिनेच 1732 च्या पत्रात लिहिलंय. वाचून अंगावर काटा येतो. आणि याच बाईने आठवड्याच्या संध्याकाळी मुलांना वाटून दिल्या होत्या. सोमवार मॉलीचा, गुरुवार जॉनचा, शनिवार चार्ल्सचा, त्या दिवशी त्या मुलाशी एकट्याशी बोलायचं. पुढे मोठा झालेल्या जॉनने पत्रात आईकडे त्या गुरुवारची आठवण काढली. छडीची नाही, हे मी मावशीला मुद्दाम सांगितलं.

पण या स्वभाव ओळखण्याच्या प्रकाराची मला थोडी भीतीही वाटते. आमच्या घरी दादा तापट, म्हणून त्याच्या वाटेला कोणी जायचं नाही. मी समजूतदार, म्हणून भांडी माझी. तेव्हाही आई सांगायची, ज्याचा त्याचा स्वभाव! एकदा लेबल लागलं की आईचं मूल बघणं थांबतं, आणि आपल्याकडे हे लेबल मुलगा-मुलगी पाहून लागतं. इथल्या आयांकडेही ते आहेच, फक्त शब्द गोड: 'सेन्सिटिव्ह', 'स्ट्राँग-विल्ड'. तापट मुलाला जास्त सूट मिळते, शहाण्या मुलीकडून जास्त अपेक्षा होते, आणि दोन्ही 'स्थितीस अनुरूप' म्हणून खपून जातं.

मावशीला शेवटी विचारलं, तू तुझ्या दोघांना सारखंच मारलंस? "छे गं. धाकटा बोलताना अडखळायचा. त्याला कुठं मारायचं, तो आधीच भ्यायचा." मग वचन? "ते थोरल्यासाठी," म्हणाली आणि विषय बदलून चिकूचा भाव सांगायला लागली.

मी थोरलीला गुरुवार दिलाय. दोन गुरुवार नीट पार पडले. तिसऱ्याला माझी रात्रपाळी आली. शुक्रवार चालेल का विचारलं, तर म्हणाली, "तो त्याचा आहे ना? मग तो चिडेल."