ओटीपी कुणाच्या फोनवर?

बायकोची बदली झाली तेव्हा आम्ही दोघांनी बसून सगळं नीट ठरवलं होतं. रोज रात्री फोन, महिन्यातून दोनदा भेट. फक्त एक गोष्ट दोघांच्याही डोक्यात आली नाही. घरातल्या झाडून सगळ्या खात्यांवर नंबर तिचा आहे.

हे कळलं ते पार्सलवाला दारात येऊन ‘ओटीपी सांगा’ म्हणाला तेव्हा. मी माझा फोन बघितला. त्यात वैयक्तिक कर्ज घ्या म्हणून आग्रह होता, बाकी काही नाही. ओटीपी चारशे किलोमीटरवर होता, मीटिंगमध्ये, पर्सच्या तळाशी, सायलेंटवर. पार्सलवाल्याने मला अशा नजरेने न्याहाळलं, की मी या घरात चोरीला शिरलोय आणि शिरल्याशिरल्या ऑर्डरही दिलीय. तो गेला. पाऊण तासाने तिचा मेसेज आला, चार आकडे आणि खाली ‘मिळालं का?’

समाजशास्त्रज्ञ अशा संसाराला ‘कम्युटर मॅरेज’ म्हणतात. १९७०च्या दशकापासून त्यावर अभ्यासही झालेत म्हणे. त्यात पार्सलवाला असणं शक्य नाही, म्हणून मी ते वाचायच्या भानगडीत पडलो नाही.

ओटीपी परवडला, पण वस्तू शोधणं नको. परवा स्क्रूड्रायव्हर हवा होता. व्हिडिओ कॉल लावला.

“कॅमेरा फिरव. मला नुसतं तुझं नाक दिसतंय.”

फिरवला.

“आता खालचा ड्रॉवर. डावीकडचा. अरे डावीकडचा! थांब, जरा मागे जा. ती चादर कधीपासून आहे पलंगावर?”

“कालच घातली.”

“मागच्या कॉललाही हीच होती.”

“तेव्हाही कालच घातली होती.”

पुढची वीस मिनिटं स्क्रूड्रायव्हर बाजूला राहिला आणि मी आरोपीसारखा फोन हातात धरून खोल्याखोल्यांतून फिरलो. कोपऱ्यातली कुंडी दाखवली, तेव्हा पलीकडे जी शांतता पसरली ती मला सहन झाली नाही. शेवटी स्क्रूड्रायव्हर तिलाच दिसला. टीव्हीवर होता. मी तो सकाळी तिथे ठेवला होता.

ती येते तेव्हा पहिल्या दिवशी ‘टॉवेल कुठला घेऊ?’ असं पाहुण्यासारखं विचारते. दुसऱ्या दिवशी कपाटं लावते. तिसऱ्या दिवशी ती गेलेली असते आणि मला माझे मोजे सापडत नसतात.

मागच्या खेपेला मात्र आम्ही रविवार सत्कारणी लावला. शेजारी शेजारी बसून सगळ्या खात्यांवरचा तिचा नंबर काढून माझा टाकला. मला तर घरात बढती मिळाल्यासारखं वाटलं.

सोमवारी सकाळी मी आंघोळीला गेलो. तिकडे तिने त्याच खात्यावरून स्वतःसाठी काहीतरी मागवलं होतं आणि तिच्या दारात माणूस उभा होता. मी बाहेर आलो तेव्हा फोनवर नऊ मिस्ड कॉल, चार आकडे आणि वैयक्तिक कर्जाचा एक आग्रह होता.