टुपाकच्या आधी आफेनी

सप्टेंबर उजाडला की फीडवर अमेरिकन रॅपर टुपाक शकूर सुरू होतो. काळा-पांढरा फोटो, डोक्याला बांधलेला रुमाल, आणि खाली कुणीतरी ठोकून दिलेलं असतं, 'भाई जिंदा है'. क्युबात दिसला म्हणे. मलेशियात दिसला म्हणे. अहो, गेला तो. १३ सप्टेंबर १९९६ ला, लास व्हेगासच्या हॉस्पिटलात, गोळ्या लागल्यावर सहा दिवसांनी. वय पंचवीस.

अफवांचं मला फारसं काही वाटत नाही, त्या करमणुकीपुरत्या ठीक आहेत. वैताग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. तीस वर्षं होत आली, तरी टुपाकचं नाव निघालं की बोलणं फिरून फिरून 'कुणी मारलं' यावरच येतं. २०२३ मध्ये त्या खुनासाठी एकाला अटक झाली, तेव्हा तर आठवडाभर दुसरं काही वाचायलाच मिळेना. तो कसा मेला हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. तो आला कुठून, हे विचारायला मात्र कुणाला सवड नाही. आणि ते विचारायचं तर त्याच्या आईपासून सुरुवात करावी लागते. आफेनी शकूर माहीत नसताना टुपाक ऐकणं म्हणजे मध्यंतरानंतर नाटकाला जाऊन बसणं.

१९६९ चा एप्रिल. न्यूयॉर्कमध्ये ब्लॅक पँथर पार्टी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या एकवीस जणांवर कटाचा खटला भरला गेला. पोलीस ठाणी आणि मोठमोठी दुकानं बॉम्बने उडवायचा यांचा बेत होता, असा आरोप. आफेनी त्यांतली एक, वय बावीस. जामिनाची रक्कम माणशी एक लाख डॉलर. शिक्षा झाली असती तर उभं आयुष्य आत गेलं असतं. आणि या बाईने वकील घेतला नाही! कायद्याचं शिक्षण नाही, काही नाही. स्वतःची बाजू स्वतः मांडली. पक्षात पेरलेला साध्या वेशातला पोलीस साक्षीला आला, तेव्हा त्याची उलटतपासणीही तिनेच घेतली. मला कधी हिंसा करताना पाहिलंस का? नाही. मग काय करताना पाहिलंस? तर शाळेत, हॉस्पिटलात, वस्तीत काम करताना.

खटला चालू असताना ती गरोदर राहिली. मधेच दोन सहआरोपी फरार झाले आणि हिचा जामीन रद्द झाला. पोटुशी बाई तुरुंगात. दिवसाला एक अंडं आणि एक ग्लास दूध मिळावं, एवढ्यासाठी तिला कोर्टाचा आदेश आणावा लागला. मला त्या सगळ्या खटल्यातली हीच गोष्ट सर्वांत जास्त लागते. भाषणं, घोषणा, मुठी आवळलेले फोटो आपण पाहिलेले असतात. अंड्यासाठी केलेला अर्ज कुणी पाहत नाही.

मे १९७१ मध्ये ज्यूरीने, शेवटी ज्यांच्यावर खटला चालला त्या तेराही जणांना सगळ्या आरोपांतून सोडलं. महिनाभराने, १६ जूनला, टुपाक जन्मला. वर्षभरात आईने त्याला नाव दिलं ते अठराव्या शतकात पेरूमध्ये स्पॅनिश सत्तेविरुद्ध बंड करून मारल्या गेलेल्या तुपाक अमारूचं. लेकराच्या डोक्यावर किती ओझं ठेवावं माणसाने!

इथे मराठी माणसाने जरा थांबायला हवं. टुपाक जेमतेम वर्षाचा होत होता, त्याच सुमारास, १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या मित्रांनी दलित पँथर उभी केली. नाव थेट अमेरिकेतल्या पँथरवरून घेतलेलं. दोन वर्षांत फूट पडली, १९७७ मध्ये संघटना बरखास्त झाली. चळवळ फुटल्यावर कार्यकर्त्याच्या घरात काय उरतं, हे आपल्याला कुणी अमेरिकेतून येऊन सांगायची गरज नाही. भिंतीवर पोस्टर असतं आणि भाडं थकलेलं असतं. इतिहास लिहिणारे 'चळवळ ओसरली' असं एका ओळीत लिहून पुढे जातात. मुलं तिथेच राहतात.

टुपाक हा असा मागे राहिलेला मुलगा. ज्याला तो गॉडफादर मानायचा तो पँथर नेता जेरोनिमो प्रॅट खुनाच्या आरोपाखाली सत्तावीस वर्षं आत होता, आणि ती शिक्षा रद्द झाली १९९७ मध्ये, म्हणजे टुपाक गेल्यानंतर. सावत्र वडील मुटुलू शकूर एफबीआयच्या 'मोस्ट वाँटेड' यादीत. आणि आई, जिने भर कोर्टात सरकारी साक्षीदाराला निरुत्तर केलं, ती पुढे क्रॅकच्या, म्हणजे ओढायच्या कोकेनच्या, व्यसनात सापडली. घरं बदलत राहिली. न्यूयॉर्क, मग बाल्टिमोर, मग १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातलं मरीन सिटी.

बाल्टिमोरमध्ये तो कलाशाळेत होता, हे त्याच्या 'थग लाइफ' (गुंडाचं जगणं) या घोषणेचे टी-शर्ट घालणाऱ्यांना सांगून बघा. अभिनय, कविता, बॅले. 'नटक्रॅकर'मध्ये उंदरांचा राजा झाला होता गडी. मला हा मुलगा फार आवडतो. पुढे कॅमेऱ्यासमोर दिसणारा उघडाबंब, पोटावर 'थग लाइफ' गोंदवलेला माणूस कितपत खरा आणि कितपत नट, असा प्रश्न मला नेहमी पडतो. त्याचं उत्तर त्यालाही शेवटी शेवटी देता आलं नसतं असं वाटतं.

१९९१ च्या पहिल्या अल्बमवर 'ब्रेंडाज गॉट अ बेबी' आहे. बारा वर्षांची मुलगी, नात्यातल्याच माणसाकडून राहिलेलं मूल, कचऱ्यात टाकलेलं बाळ. गाणं सुचलं ते पेपरातल्या बातमीवरून. आमच्याकडच्या नव्या रॅपर पोरांना माझं एवढंच सांगणं असतं की साखळी आणि गॉगल नंतर घ्या, आधी रोजचा पेपर घ्या. (हे ऐकून पोरं हसतात. हसू देत.) पुढच्याच वर्षी अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांनी जाहीरपणे सांगितलं की या अल्बमला आपल्या समाजात जागा नाही. टेक्सासमध्ये एका पोलिसाचा खून झाला होता आणि आरोपी हा अल्बम ऐकत होता, हे निमित्त. २०२३ मध्ये आपल्याकडे मराठी रॅपवरून गुन्हे दाखल झाले, तेव्हा मला हे क्वेलसाहेबच आठवले होते.

आता 'डिअर मामा'. आपल्याकडे आईवरच्या गाण्यांना तोटा नाही, पण त्यांतली आई कायम देव्हाऱ्यातली. तिला दोष नाही, राग नाही, व्यसन तर नाहीच नाही. टुपाक आईला उद्देशून गातो आणि तिचं क्रॅकचं व्यसन सरळ नाव घेऊन सांगतो. सतराव्या वर्षी घराबाहेर पडावं लागलं, ते सांगतो. आणि त्याच ओळीत, श्वासही न मोडता, तिला राणी म्हणतो. आधी तक्रार आणि मग माफी अशी मांडणीच नाही, दोन्ही एकदमच. आपल्या आईबद्दल आपल्या मनात खरं तर असंच असतं, फक्त आपण ते गणपतीत माइकवर म्हणत नाही. हे गाणं २०१० मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत गेलं. ज्याच्या अल्बमला समाजात जागा नव्हती त्याला राष्ट्रीय संग्रहात जागा मिळाली. वेळ लागला, पण मिळाली.

ते ज्या अल्बमवर आहे, तो 'मी अगेन्स्ट द वर्ल्ड', १९९५ मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचला तेव्हा टुपाक तुरुंगात होता. कशासाठी, ते चाहते पटकन सांगत नाहीत. लैंगिक अत्याचारासाठी. 'कीप या हेड अप' आलं ऑक्टोबर १९९३ मध्ये. काळ्या बायकांना धीर देणारं गाणं. त्याचा व्हिडिओ अर्पण केलाय लॉस एंजेलिसमध्ये संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून दुकानात गोळी घातल्या गेलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला. आणि त्यानंतर महिन्याभरात न्यूयॉर्कच्या हॉटेलातलं ते प्रकरण. काही गंभीर आरोपांतून तो सुटला, पण लैंगिक अत्याचाराच्या आरोपात दोषी ठरला. आपण गुन्हा केला नाही, असंच तो म्हणत राहिला. 'त्याला अडकवलं' म्हणणारे भाऊ मला दर वेळी भेटतात. मी त्यांना विचारते, ज्या बाईने साक्ष दिली तिचं म्हणणं तुम्ही एकदा तरी वाचलंय का? गाणं माझ्या आवडीचं आहे, अजूनही ऐकते. पण ते गाणं वकीलपत्र म्हणून कोर्टात नेऊ नका. बापाविना वाढला, चळवळ मोडली, हे सगळं खरं आणि त्याने त्या बाईचं काहीही भरून येत नाही.

पुढचं झरझर सांगते, कारण ते सगळ्यांनी पाहिलंय. १४ लाख डॉलरचा जामीन, डेथ रो या रेकॉर्ड कंपनीचा मालक शुग नाइट, त्या कंपनीशी करार, आणि सुटल्यापासून मरेपर्यंतचे अकरा महिने. 'ऑल आयझ ऑन मी'सारखा दुहेरी अल्बम त्यातलाच. 'हिट एम अप', म्हणजे न्यूयॉर्कचा प्रतिस्पर्धी रॅपर बिगी याच्यावर तुटून पडणारं गाणं, मला कधीच आवडलं नाही. नुसता संताप आहे, आणि त्या संतापाला टाळ्या मिळत गेल्या. टुपाक गेल्यावर सहा महिन्यांनी बिगीही मारला गेला. त्याला तर पंचविशीही गाठता आली नाही.

मुलगा गेल्यावर आफेनी पुन्हा कोर्टात उभी राहिली, या वेळी डेथ रोविरुद्ध, मुलाच्या अप्रकाशित गाण्यांसाठी. १९९७ मध्ये अमारू नावाची कंपनी काढली. जॉर्जियात मुलांसाठी कलाकेंद्र सुरू केलं. त्या अप्रकाशित ध्वनिमुद्रणांतून इतके अल्बम निघाले की मेलेल्या टुपाकने जिवंत टुपाकला मागे टाकलं. त्यातले सगळे काढायलाच हवे होते असं नाही. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोचेला संगीत महोत्सवात आरशांची करामत करून त्याला स्टेजवर उभा केला आणि त्याच्या तोंडून कोचेलाचं नाव घेऊन प्रेक्षकांना हाळी घातली. हा महोत्सव सुरू झाला १९९९ मध्ये! आफेनीची याला संमती होती, आनंदही होता, आणि आईच्या आनंदावर बोलणारी मी कोण? तरी मला ते बघवलं नाही. तीही २०१६ मध्ये गेली.

नव्याने ऐकणार असाल तर 'ब्रेंडा'पासून करा, मग 'कीप या हेड अप', मग 'डिअर मामा'. शब्द समोर उघडून ठेवा, पहिल्या फेरीत अर्धे निसटतात. आणि वेळ उरला तर पँथर २१ च्या खटल्याबद्दल वाचा. आफेनीची ती उलटतपासणी कुणी मराठीत आणली तर पहिली प्रत माझी.