वॉचमन नसलेल्या प्रेमकथा

गे रोमान्स कादंबऱ्यांबद्दल मत विचारलं की माझ्यातच दोन तट पडतात. कॅनडात रेचल रीडच्या ‘हीटेड रायव्हलरी’ या गे रोमान्स कादंबरीवर मालिका निघाली, तिचे तुकडे रील्समधून घरोघरी पोचले आणि एरवी पुस्तकाच्या वाटेला न जाणारी मंडळीही ‘मूळ कादंबरी वाचू का रे?’ म्हणत इनबॉक्समध्ये यायला लागली. प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन दमलो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी ज्या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेणार नाही ते. या कादंबऱ्यांचा शेवट गोड होतो. व्हायलाच लागतो, तो या प्रकाराचा अलिखित करार आहे. शेवटच्या पानावर दोघं एकत्र नसतील तर वाचक प्रकाशकाच्या दारात येऊन बसतील. आमच्या वाचनकट्ट्यावरच्या जाणकारांना नेमकं हेच खुपतं. ‘आयुष्य असं असतं का?’ नसतं, काका. पण आमच्या वाट्याला पुस्तकातसुद्धा मरणच यायचं, त्याचं काय? तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मधली मित्रा 1981 मध्ये रंगमंचावर आली आणि शेवटी जीव देऊन गेली. नाटक मोठं आहे, त्याबद्दल वादच नाही. पण विशीत हाताला लागलेलं पहिलंवहिलं ‘आपल्यातलं’ माणूस असं संपलं की वाचणाऱ्याच्या मनात काय घर करून बसतं, ते मला विचारा.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरचंच बघा. हा गृहस्थ 1921 मध्ये देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांचा खासगी चिटणीस होता, म्हणजे मराठी दरबारात उठबस केलेला माणूस. त्याने ‘मॉरिस’ ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी लिहिली 1913-14 मध्ये. छापली गेली 1971 मध्ये, तो गेल्याच्या दुसऱ्या वर्षी. 1960 मध्ये कादंबरीला जोडलेल्या टिपणात तो सरळ म्हणतो की शेवट सुखाचा करणं भागच होतं. पोरगा फासावर लटकताना दाखवला असता तर कुणाची काही हरकत नव्हती. दोन पुरुष सुखात राहिले, एवढ्यासाठी हस्तलिखित त्याच्या हयातभर कपाटात पडून राहिलं. त्यामुळे ‘हॅपी एंडिंग म्हणजे थिल्लर’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं सटकतं.

तेव्हा गोड शेवट मला हवाच आहे. तक्रार आहे ती त्याचं बिल कोण भरतं याबद्दल.

केसी मॅक्विस्टनची ‘रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू’ घ्या, 2019 ची. एकीकडे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षबाईंचा मुलगा, दुसरीकडे इंग्लंडचा राजपुत्र. शाही लग्नात दोघं भांडतात, केकसकट आडवे होतात, मग नाइलाजाची दोस्ती, मग चोरून भेटी. मजा येते. दोघांच्या ईमेल्स तर मी परत परत वाचल्यात. पण यांचं चोरून भेटणं कसलं, तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम रात्री दोघांसाठी मोकळं! भानगड उघडकीला आली तरी शेवटी आईसाहेब निवडणूक जिंकतात आणि वर एरवी विरोधकांचं असलेलं टेक्सासही पदरात पाडून घेतात.

वाचताना मला एकच प्रश्न छळत होता. यांच्या बिल्डिंगला वॉचमन नाही का हो?

कारण आमच्या प्रेमाचं सगळं वेळापत्रक वॉचमनच्या ड्यूटीवर ठरायचं. गेटवर ती वही असते ना, सुतळीने पेन बांधलेली? त्यात ‘कोणाकडे’ आणि ‘काम’ असे दोन रकाने. पहिल्यात माझा फ्लॅट नंबर. दुसऱ्यात मला भेटायला आलेला तो बिचारा ‘पर्सनल’ लिहायचा आणि वॉचमन वही फिरवून ते सावकाश वाचायचा. पुढे एकत्र घर शोधायला लागलो तर एजंटचा पहिला प्रश्न, ‘फॅमिली की बॅचलर?’ यातलं आम्ही कोण हे समजावत बसण्यापेक्षा आतेभाऊ होऊन टाकणं सोपं गेलं. सोसायटीत तो अजून माझा आतेभाऊच आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू त्याच्यासाठी दरवर्षी नेमाने स्थळं आणतात. मला आणत नाहीत, हा अपमान वेगळा.

आता कुणी म्हणेल, मिल्स अँड बूनमध्येही कोट्यधीशच असायचे की. असायचे. पण तिथे पैसा फोडणीपुरता असतो. इथे सगळी गोष्टच मुळी दोन माणसांना दार लावून घ्यायला जागा मिळते की नाही यावर उभी आहे, आणि लेखक पहिल्याच प्रकरणात पैशाने ती जागा विकत घेऊन टाकतो. मग उरलेली दोनशे पानं गैरसमजांवर काढावी लागतात. नुसतं ‘मला तुझ्याशी बोलायचंय’ म्हटलं असतं तर मिटलं असतं, असले गैरसमज.

‘हीटेड रायव्हलरी’चे शेन आणि इल्या हेही गडगंजच, एक माँट्रियलकडून आइस हॉकी खेळणारा, दुसरा बॉस्टनकडून. पण रेचल रीडबाईंना मेख कळलीय. यांच्या भेटी सामन्यांच्या वेळापत्रकावर. दोन्ही संघ एका शहरात आले तर भेट, तीही हॉटेलच्या खोलीत, नाहीतर महिनोन्‌महिने नुसते मेसेज. फोनमध्ये एकमेकांची नावं लिली आणि जेन म्हणून सेव्ह केलेली. अशी वर्षंच्या वर्षं जातात. आणि मग तो ट्युना सँडविचचा प्रसंग. इल्या शेनला घरी खायला करून घालतो, दोघं सोफ्यावर निवांत बसतात आणि नेहमीच्या आडनावांऐवजी तोंडातून पहिली नावं निघून जातात. शेन घाबरतो आणि उठून चालता होतो. अंथरुणात इतकी वर्षं न डगमगलेला माणूस सँडविचपुढे हरतो. हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार.

बाकी अर्धं पुस्तक अंथरुणातच आहे, हेही सांगून ठेवतो. त्यातले काही प्रसंग खरंच गोष्ट पुढे नेतात, कारण हे दोघं दुसरीकडे कुठे बोलतच नाहीत. उरलेले मी लोकलमध्ये शेजारच्याची नजर चुकवत भराभर उलटले. आणि याच पुस्तकमालेत कप जिंकल्यावर एक खेळाडू हजारो लोकांसमोर बर्फावरच आपल्या माणसाचं चुंबन घेतो, त्या पानावर मात्र घशात आवंढा आला. खऱ्या एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकीच्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, एखाद्या संघाशी करार असलेल्या खेळाडूने ‘मी गे आहे’ असं पहिल्यांदा जाहीर केलं ते 2021 मध्ये, ल्यूक प्रोकॉपने. आणि 2023 मध्ये त्याच लीगने सरावाच्या वेळचे, आमच्यासारख्यांना पाठिंबा दाखवणारे इंद्रधनुषी जर्सी बंद करून टाकले.

माझी सगळ्यात आवडती मात्र ॲलेक्सिस हॉलची ‘बॉयफ्रेंड मटेरियल’. शेणकिड्यांच्या संवर्धनासाठी झटणाऱ्या संस्थेत नोकरी करणारा, बदनाम रॉकस्टार बापाचा मुलगा ल्यूक, आणि सरळमार्गी बॅरिस्टर ऑलिव्हर. खोटंखोटं प्रेम करता करता खरंच पडतात, कथानक तेच ते. पण शेवटाकडे ऑलिव्हरच्या आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाची पार्टी आहे, ती वाचाच. या लोकांनी मुलाला घराबाहेर काढलेलं नाही. आरडाओरडा नाही, रडारड नाही. त्यांनी सगळं ‘स्वीकारलंय’. फक्त दर दोन वाक्यांनी एक टाचणी. कपड्यांवरून, नोकरीवरून, सोबत आणलेल्या माणसावरून. आणि इतका हुशार वकील, तो मान खाली घालून ‘हो बाबा’ म्हणत राहतो. शेवटी ल्यूकचा तोल जातो आणि तो ऑलिव्हरच्या बापाला चार लोकांत शिवी हासडतो, तेव्हा मी पुस्तक मिटून खोलीत चार फेऱ्या मारल्या. आपल्याकडच्या कित्येक सुशिक्षित घरांतली दिवाळी हुबेहूब अशीच असते. ‘आम्हाला काही प्रॉब्लेम नाही हं, फक्त आजीसमोर नको.’

या कादंबऱ्या बायकाच जास्त लिहितात, यावरून बराच धुरळा उडतो. मला त्याचं फारसं काही नाही. लेखकाकडे दाखला मागायला लागलं की काय होतं ते गे मुलांच्या प्रेमकथा लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिका बेकी अल्बर्टालीच्या बाबतीत दिसलं. वर्षानुवर्षं टोचून टोचून लोकांनी तिला 2020 मध्ये ‘मी बायसेक्शुअल आहे’ असं जगजाहीर करायला लावलं. माझी कुरकुर एवढीच, की यातल्या एकाही नायकाला पोट सुटत नाही आणि टक्कल पडत नाही.

आपल्याकडची पुस्तकं? सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (2006) आहे. एकाच पेइंग गेस्टवर जीव टाकणारे भाऊ-बहीण, आणि तो निघून गेल्यावर दोघांच्या हाती उरलेलं रितेपण. आर. राज राव यांची इंग्रजी ‘द बॉयफ्रेंड’ (2003) आहे. तिथे चर्चगेटची मुतारी आहे, जात आहे, खिशातली चणचण आहे. म्हणजे वॉचमन आहे, गोड शेवट नाही. तिकडे गोड शेवट आहे, वॉचमन नाही. मला दोन्ही एकाच पुस्तकात हवंय आणि तेही मराठीत. डोंबिवलीचा वन-बीएचके, अकरा महिन्यांचा करार, डोक्यावर काकू, आणि शेवटच्या पानावर दोघं जिवंत, एकत्र, ईएमआयवरून भांडत बसलेले. कुणी लिहीत असेल तर हस्तलिखित पाठवा, शुद्धलेखन मी फुकट तपासून देतो.