नवे आर्चबिशप कोण? आम्हाला कुणी विचारलंय!

कॅथलिक चर्चचे आर्चबिशप, म्हणजे मोठ्या धर्मप्रांताचे प्रमुख, पंच्याहत्तरीला आले की मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटल्यानंतरच्या गप्पांचा नूर पालटतो. "नाव फायनल झालंय म्हणे." "छे, ते रोमला चालणार नाहीत." "मागच्या खेपेला त्यांचा झाला, आता आपला व्हायला हवा." एरवी प्रवचन लांबलं की घड्याळ बघणारी माणसं अचानक चर्चच्या कायद्याची जाणकार होतात. व्हॉट्सअॅपवर संभाव्य नावांच्या याद्या फिरू लागतात आणि प्रत्येकाकडे आतली बातमी असते. ती देणाऱ्याचा कुणीतरी मावसभाऊ हटकून रोममध्ये शिकत असतो!

काही फादर यावर वैतागतात. ही काय महापालिकेची निवडणूक आहे का, प्रार्थना करा, बाकी पवित्र आत्मा बघून घेईल, असं सुनावतात. प्रार्थना कराच. पण लोक कुजबुजतात याचा दोष मी लोकांना देणार नाही. ज्यांना कुणी विचारत नाही, ते कुजबुजणारच. खरा सल्ला जिथे घेतला जातो तिथे प्रापंचिकाला, म्हणजे फादर-सिस्टर नसलेल्या साध्या भाविकाला, सहसा जागा नसते, मग तो चर्चच्या पायरीवर आपलं मत देऊन मोकळा होतो.

आधी वयाचं बघू. "पंच्याहत्तरी झाली, आता गेले" हे गणित चुकीचं आहे. कॅनन ४०१, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या ४०१ व्या कलमाप्रमाणे ७५ वर्षं पूर्ण झालेल्या बिशपला राजीनामा सादर करण्याची विनंती केलेली आहे. तो कधी मंजूर करायचा हे पोप ठरवतात. पोप सहाव्या पॉलनी १९६६ मध्ये ही पद्धत आणली, त्याआधी बहुतेक बिशप मरेपर्यंत खुर्चीवर असायचे. मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस डिसेंबर २०१९ मध्ये ७५ चे झाले आणि पायउतार झाले जानेवारी २०२५ मध्ये. पाच वर्षं अंदाज बांधणाऱ्यांची चंगळ! अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सचे आर्चबिशप असलेल्या बर्गोलिओंनीही २०११ च्या अखेरीस पंच्याहत्तरीचा राजीनामा दिला होता. त्यावर निर्णय व्हायच्या आत ते मार्च २०१३ मध्ये कॉन्क्लेव्हसाठी, म्हणजे नवा पोप निवडायला, रोमला गेले आणि पोप फ्रान्सिस झाले. मग आपल्या जुन्या गादीवरचा माणूस त्यांनाच नेमावा लागला.

आता नाव ठरतं कसं? प्रांतातले बिशप निदान तीन वर्षांतून एकदा लायक धर्मगुरूंची यादी तयार करतात, गुप्तपणे. जागा रिकामी व्हायची चिन्हं दिसली की पोपचे राजदूत, म्हणजे नुन्सिओ, निवडक लोकांना पत्र पाठवतात. उमेदवाराची तब्येत कशी, स्वभाव कसा, घरची पार्श्वभूमी काय, धर्मशिक्षणाशी इमान आहे का, लोकांत नाव कसं आहे, असे प्रश्न. पत्रावर पोपच्या गुप्ततेची अट असते. आपल्याला विचारणा झाली होती हे कुणालाही सांगायचं नाही, उमेदवाराला तर नाहीच. त्यातून तीन नावं रोमला जातात, आणि पोप तिन्ही बाजूला सारून चौथंच नाव काढू शकतात. निकालाची वेळ मात्र पक्की असते, रोमचे दुपारचे बारा, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार. व्हॅटिकनच्या पत्रकात दोन कोरड्या ओळी येतात. अमुक यांचा राजीनामा स्वीकारला, तमुक यांची नेमणूक केली. संपलं.

त्या दोन ओळी भल्याभल्यांना तोंडघशी पाडतात. २०१४ मध्ये शिकागोसारख्या बड्या गादीवर लांबच्या स्पोकेनचे बिशप आले. २०१५ मध्ये इटलीतल्या पालेर्मोला चक्क एका धर्मग्रामाचे (पॅरिशचे) साधे फादर आर्चबिशप म्हणून मिळाले. मिलानला २०१७ मध्ये उलटं झालं, घरचेच सहायक बिशप बसवले. मुंबईचे सहायक बिशप जॉन रॉड्रिग्ज २०२३ मध्ये पुण्याचे बिशप म्हणून गेले, तेव्हा ज्यांनी यादीतून त्यांचं नाव खोडलं असेल त्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये कपाळावर हात मारला असणार. रॉड्रिग्ज कोअॅडज्युटर म्हणून परत आले, आणि कोअॅडज्युटरला कायद्यानेच वारसाहक्क असतो.

मुंबईचं निघालंच आहे तर एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी, कारण आजची पोरं ती ऐकून थक्क होतात. १९२८ मध्ये पोर्तुगाल आणि रोम यांच्यात करार झाला की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा. पाळी लावली होती हो, पाळी! त्या पाळीत भारतीयाचा नंबरच नव्हता. १९३७ मध्ये ब्रिटिशांच्या पाळीला थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेझुइट (येशूसंघी) फादर आले. ही खुर्ची आता भारतीयाची आहे हे त्यांना कळलं. त्यांनी व्हॅलेरियन ग्रेशस यांना सहायक बिशप म्हणून मिळवलं, १९४६ मध्ये कारभार त्यांच्या हाती दिला आणि स्वतः मुंबईबाहेर राहिले, म्हणजे नव्या माणसाच्या वाटेत आपली सावलीही नको. राजीनामा रीतसर मंजूर झाला १९५० मध्ये. व्हॅलेरियन ग्रेशस पुढे १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल झाले. माझ्यानंतर इथे कोण हवं, हा प्रश्न जाणाऱ्या माणसाने स्वतःला विचारला आणि उत्तर येण्यासाठी जागा करून दिली. असं करणारे फार थोडे. खुर्ची तापलेली असते तेव्हा उठवत नाही.

बिशप निवडीतले राजेमहाराजांचे आणि सरकारांचे असले हक्क पुढे मोडीत निघाले. आजचा कायदा सांगतो की यापुढे कोणत्याही सरकारला बिशप निवडण्याचा अधिकार मिळणार नाही. बिशपांच्या नेमणुकीबद्दल चीनशी २०१८ मध्ये केलेल्या कराराने त्यात फट पडली असं माझं मत आहे. एप्रिल २०२३ मध्ये शांघायला बिशप परस्पर बसवले गेले आणि रोमने जुलैमध्ये मान तुकवली.

मग काय, मतदान घ्यायचं? नको. मिलानच्या लोकांनी ३७४ मध्ये एकमुखाने अम्ब्रोसला बिशप म्हणून मागितलं. तो तिथला राज्यपाल होता, त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. निवड सोन्यासारखी निघाली. पण त्याच्या आठच वर्षं आधी रोममध्ये पोपपदासाठी डमासस आणि उर्सिनस यांच्या समर्थकांची जुंपली होती, आणि एका बॅसिलिकेत (मोठ्या चर्चमध्ये) एका दिवसात १३७ प्रेतं सापडली असं त्या काळचा इतिहासकार अम्मियानस लिहितो. आज प्रेतं पडणार नाहीत, जातीवर, भाषेवर आणि गावावर मतं मात्र नक्की पडतील. आपण आपल्याला ओळखून आहोत. गुप्ततेलाही अर्थ आहे. तीन नावं जाहीर झाली तर ज्या दोघांना डावललं ते उरलेलं आयुष्य "नाकारलेले" म्हणून काढणार.

माझं म्हणणं एवढंच की नावं गुप्त ठेवा, प्रश्न गुप्त ठेवू नका. कॅनन ३७७ म्हणतो, नुन्सिओंना योग्य वाटलं तर त्यांनी सुज्ञ प्रापंचिकांचंही मत घ्यावं. सगळी मेख त्या "वाटलं तर" मध्ये आहे. थोर लिओ पोप पाचव्या शतकात लिहून गेले की जो सर्वांवर नेमला जायचा, तो सर्वांनी निवडलेला असावा. ऑक्टोबर २०२४ च्या सिनॉडनेही, म्हणजे रोमच्या धर्मसभेनेही, बिशप निवडताना देवाच्या लोकांचा आवाज अधिक ऐकला जावा अशी इच्छा नोंदवली. बिशपांची नावं तपासणाऱ्या रोमच्या खात्यात २०२२ मध्ये तीन बायका सभासद म्हणून नेमल्या गेल्या, त्यात एक प्रापंचिक. म्हणजे रोममध्ये जमतं, मग धर्मप्रांतात का जमू नये? आर्चबिशप ७४ चे झाले की वर्षभरात प्रत्येक धर्मग्रामाला उघडपणे विचारा, इथे काय दुखतंय?

पण मग आपणही प्रश्न बदलायला हवेत. आपल्या सगळ्या चर्चेत "तो आपला का?" याच्या पुढे गाडी जात नाही. लहान मुलावर अत्याचार झाल्याची तक्रार आली तर हा माणूस आधी मुलाच्या घरी जाईल की वकिलाकडे, हे कुणी विचारत नाही. थकलेल्या, एकट्या पडलेल्या फादरचा फोन तो स्वतः उचलेल का? जमिनींचे आणि शाळांचे हिशेब उघडे ठेवेल का? परप्रांतातून पोटासाठी आलेल्यांना त्यांच्या भाषेत मिस्सा मिळेल का? नकार ऐकायची त्याला सवय आहे का?

आपल्या गरजा आणि मतं धर्माधिकाऱ्यांना कळवण्याचा हक्क कॅनन २१२ ने प्रत्येक भाविकाला दिलेला आहे, त्यासाठी कुणाच्या आमंत्रणाची वाट बघायला नको. मी नुन्सिओंना पत्र लिहायला बसलोय. त्यात एकही नाव घालणार नाही, वर लिहिलेले प्रश्न तेवढे घालणार आहे, आणि खाली सही. ज्यांना आपापल्या धर्मग्रामाचं दुखणं त्यात जोडायचं असेल त्यांनी कमेंटमध्ये लिहा. मावसभावाची बातमी असेल तर ती राहू द्या.