चँग-एंग, त्यांचे गुलाम आणि माझी एक ओळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया येऊन आठवडा झाला. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा माझाच लेख उघडून बसले आणि तुम्ही म्हणता ते मोजलं. 'बिचारे' हा शब्द चार वेळा आलाय. आणि चँग-एंग बंकर या जोडलेल्या जुळ्या भावांकडे गुलाम होते, हे मी एका ओळीत उरकलंय. तीही कंसात.

इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगते. एक, मी त्यांना निव्वळ बळी म्हणून रंगवलं. दोन, 'सयामी जुळे' हा शब्द आता वापरू नये. तीन, ते सर्कशीत नव्हतेच, मग शीर्षकात सर्कस कशाला?

तिसरा आधी, कारण तो लगेच संपतो. बरोबर आहे. त्यांचं जोडलेलं शरीर बघायला लोक पैसे देत. हे खेळ भाड्याच्या सभागृहांत आणि हॉटेलांच्या दिवाणखान्यांत व्हायचे. १८६० मध्ये न्यूयॉर्कला बार्नम या तमाशेवाल्या धंदेवाइकाच्या म्युझियममध्ये ते काही आठवडे होते, पण तेव्हा बार्नमची सर्कस निघालीच नव्हती. शीर्षक बदललंय.

'सयामी'बद्दल मात्र अर्धंच मान्य. कुठल्याही जोडलेल्या बाळांना आज सयामी म्हणू नये, हे पटतं. मराठी वर्तमानपत्रं अजून सर्रास म्हणतात. पण हा शब्द आला कुठून? १८११ साली सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, मेकलाँग नदीकाठी जन्मलेल्या, चिनी कोळ्याच्या या दोन मुलांच्या जाहिरातींतून. त्यांच्याच गोष्टीतून तो काढून टाकला तर दोन माणसांचं आयुष्य जगभरच्या भाषांत एका आजाराचं नाव कसं होऊन बसलं, हे सांगायचं कसं?

आता खरा मुद्दा. तुम्ही लिहिलंय, "ज्यांनी स्वतः माणसं विकत घेतली त्यांच्यावर अश्रू ढाळायचं कारण नाही." इथे माझं तुमच्याशी जमत नाही. पण मी गुलामांची गोष्ट बाजूला ठेवली ती ढिलाई होती, आणि त्याचं कारण मला आत्ता लिहिताना कळतंय. लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत पाच पायांचा बैल यायचा. वडील मला तंबूत जाऊ द्यायचे नाहीत. म्हणायचे, त्याला बघायला पैसे देणं हेच पाप. ते डोक्यात इतकं घट्ट बसलंय की तंबूतला जीव मला आपोआप निष्पाप वाटतो. बैलाच्या बाबतीत ते ठीक आहे. पण ही माणसं होती, आणि व्यवहाराला पक्की होती.

१८२९ मध्ये जहाजाचा कॅप्टन एबल कॉफिन यानं लोकांना दाखवायला म्हणून त्यांना सयामहून अमेरिकेत, बोस्टनला आणलं. वय अठरा. पुढे इंग्लंडला जाताना कॅप्टन आणि त्याची बायको वरच्या वर्गात, आणि ज्यांच्या जिवावर तिकिटं निघाली ते दोघं खाली, नोकर म्हणून. पगार सुरुवातीला महिन्याला १० डॉलर, नंतर ५०. यातलं काहीही ते विसरले नाहीत. घोड्याच्या वैरणीचे आठवड्याचे दोन-तीन डॉलर कॉफिनच्या घरून नाकारले गेले, त्यावरून झालेली पत्रापत्री वाचण्यासारखी आहे. पत्रं त्यांचा कारभारी लिहायचा, पण बोल यांचेच. २१ वर्षं पुरी झाली तशी १८३२ मध्ये त्यांनी कॉफिनला रामराम ठोकला आणि पुढचे दौरे स्वतःच्या हिशेबानं केले.

त्याच वर्षीची एक गोष्ट मी लेखात घ्यायला हवी होती. व्हर्जिनियात खेळ दाखवणाऱ्यांवर कर होता. तो माफ व्हावा म्हणून अर्ज केला, तर तिथल्या विधिमंडळात कुणीतरी म्हणालं की या दोघांना त्यांच्या आईकडून विकत घेतलेलं आहे. म्हणजे गुलामच. हे त्यांना फार लागलं. आईनं आपल्याला विकलं, हे ऐकून घ्यायची त्यांची मुळीच तयारी नव्हती. आईला पैसे मिळाले होते हे खरं. पण ते करारापोटी होते आणि आपण परत जाणार होतो, असं ते बजावून सांगत. परत मात्र ते कधीच गेले नाहीत.

आणि मग १८३९ मध्ये हेच दोघं नॉर्थ कॅरोलायनात जमीन घेतात. नागरिकत्व तेव्हा कायद्यानं फक्त 'गोऱ्या स्वतंत्र' माणसांसाठी होतं, ते त्यांना मिळून जातं. १८४३ मध्ये येट्स घराण्यातल्या दोन बहिणींशी लग्नं होतात. पुढे माउंट एअरीजवळ दोन घरं, तीन दिवस एकाच्या घरी आणि तीन दिवस दुसऱ्याच्या. ज्याचं घर त्याचा शब्द चालायचा, दुसऱ्यानं मुकाट राहायचं. लाकूड फोडताना चार हातांनी कुऱ्हाड चालवणारे हे भाऊ शेजाऱ्यांना कष्टाळू आणि चोख वाटायचे. शेतात राबायला गुलाम होते, तेही डझनांनी. विकत घेतलेल्यांत लहान मुलंही होती. आपल्या आईवरचा 'विकलं' हा शब्द ज्यांना सोसला नव्हता, त्यांनी दुसऱ्या आयांच्या पोरांची खरेदीखतं करून घेतली.

हे त्यांना कळत नव्हतं? मला वाटतं, पुरेपूर कळत होतं. त्या मुलखात माणूस एक तर विकणाऱ्यांतला, नाही तर विकला जाणाऱ्यांतला. गोऱ्यांच्या रांगेत त्यांची जागा उसनवारीची होती, आणि ती टिकवायची तर गोरा जमीनदार जे करतो ते करायचं. एकेका घरचा मुलगा अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडून लढला. दक्षिण हरली, गुलाम मुक्त झाले, हाती उरलेल्या दक्षिणी नोटांची रद्दी झाली. पन्नाशी उलटलेले दोघं पुन्हा लोकांसमोर उभे राहिले. तिथे मला वाईट वाटतं, आणि वाटू नये असं तुम्ही म्हटल्यानं ते थांबत नाही. पण 'बिचारे' आता चारही ठिकाणांहून काढलाय.

१७ जानेवारी १८७४ ला पहाटे एंग जागा झाला तेव्हा चँग शेजारी मेलेला होता. दोन-अडीच तासांनी तोही गेला. फिलाडेल्फियात शवविच्छेदन झालं. देह घरी परत गेले, जोडलेलं यकृत तिथेच राहिलं. ते अजून संग्रहालयात आहे. शेवटचा तंबू तोच, असं मी लेखात लिहिलंय, ते राहू देते.

एक दुरुस्ती मात्र तुम्ही सुचवली नव्हती, ती मी करतेय. येट्स सासऱ्यानं लग्नात ग्रेस नावाची गुलाम बाई दिली. आपल्याकडे गाय देतात तसं आंदण. मी लिहिलं होतं, "दोन्ही घरांत मिळून या भावांनी एकवीस मुलं वाढवली." ते वाक्य आता असं आहे : "दोन्ही घरांत मिळून एकवीस मुलं झाली. ती सांभाळली ग्रेसनं."