पंधरा वर्षं, सहा वर्षं, चार वर्षं

दुपारी ऊन पडलं की इंग्लंडमधल्या अल्डरशॉटच्या प्रिन्सेस गार्डन्समध्ये बाकांवर ब्रिटिश सैन्यातले म्हातारे नेपाळी गुरखे येऊन बसतात. डोक्यावर ढाका टोपी, गळ्यात मफलर, कुणाच्या हातात जपमाळ. मी इथे औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्याच बागेत जाते, आणि ग्वाल्हेरची माझी हिंदी तिथे कामाला येते. त्यांच्यातले एक आजोबा १९६३ मध्ये अठराव्या वर्षी ब्रिटिश सैन्यात भरती झाले, बोर्नियोच्या जंगलात लढले आणि १९६९ मध्ये सैन्यकपातीत घरी पाठवले गेले. पेन्शन किती मिळते, असं मी एकदा त्यांना विचारलं.

"पेन्शन नहीं, बेटी. पंद्रह साल नहीं हुए."

त्या रविवारी नेहमीप्रमाणे घरी फोन लावला, तर तिकडेही सैनिकांच्या पगारावरूनच वाद चालला होता. आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली, ती तिथेच राहिली, वाढली, शहर झाली. नाव मात्र लष्करच राहिलं. तिथल्या मराठी घरांत फौजेबद्दल कुणी परक्यासारखं बोलत नाही. मुरारची छावणी, महाराजपुऱ्याचा हवाई तळ, टेकनपूरची सीमा सुरक्षा दलाची अकादमी, हे सगळं रोजच्या बोलण्यातलं. त्यामुळे आठवा वेतन आयोग नेमला गेला तेव्हापासून आमच्या बैठकीत दुसरा विषय नाही.

माझा चुलतभाऊ बँकेत आहे. त्याचं म्हणणं, फौजींना सगळं आहे: राशन आहे, कँटीन आहे, पस्तीस-चाळिशीत पेन्शन सुरू होते, वर दुसरी नोकरी करता येते, आणि माझी पेन्शन मात्र बाजाराच्या हवाली. काका सैन्याच्या सिग्नल्स विभागातून चोवीस वर्षांनी हवालदार म्हणून निवृत्त झाले. ते म्हणतात, "अरे, ही पैशाने मोजायची गोष्टच नाही." मग भाऊ गप्प बसतो, कारण काकांपुढे तो बोलत नाही.

मला दोघांचंही पटत नाही. पण काकांच्या वाक्याची मला जास्त भीती वाटते. ज्याची किंमत करताच येत नाही असं आपण म्हणतो, त्याची किंमत द्यायची जबाबदारीही मग कुणावर उरत नाही. हुतात्म्याच्या घरी हार जातात, भाषणं होतात, आणि पेन्शनची फाइल महिनोन्‌महिने टेबलावर पडून राहते. सैनिकाचं काम मोजता येतं आणि मोजलंच पाहिजे.

मोजायला बसलं तर भावाचा अर्धा मुद्दा खरा निघतो. नियमित जवानाचा सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचा मूळ पगार २१,७०० रुपये, त्यावर ५,२०० रुपये लष्करी सेवा वेतन आणि महागाई भत्ता. सियाचिनमध्ये असेल तर २०१७ पासून महिन्याला ३०,००० रुपये भत्ता वेगळा. बारावी झालेल्या मुलाला मालनपूरच्या कारखान्यात किंवा एखाद्या एटीएमबाहेर गार्ड म्हणून काय मिळतं ते ग्वाल्हेरमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच पहाटे मेळ्याच्या मैदानात एवढी मुलं धावत असतात. नोकरीत असताना जवानाला मिळणारा पगार अन्यायाचा आहे असं मला वाटत नाही.

इथलं चित्र फार उजळ असेल असं समजू नका. ब्रिटनचा किमान वेतनाचा कायदा १९९८ चा, आणि त्यातून सैन्यदलांना वगळलेलं आहे. नव्या रिक्रूटचा पगार त्या किमान वेतनाच्या बरोबरीला आणायला २०२४ साल उजाडलं. तेव्हा एकदम ३५ टक्के वाढ देऊन तो वर्षाला २५,२०० पौंड करावा लागला. सैनिकांच्या कुटुंबांची घरं सरकारने १९९६ मध्ये एका खासगी कंपनीला विकली. पुढे ओल आणि बुरशीच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालल्या, आणि २०२५ च्या जानेवारीत छत्तीस हजारांवर घरं जवळजवळ ६०० कोटी पौंड मोजून परत विकत घेतली.

एक गोष्ट मात्र इथली मला मनापासून हवीशी वाटते. सैनिकांच्या पगारासाठी १९७१ पासून एक स्वतंत्र मंडळ आहे. ते दरवर्षी तळांवर जातं, शिपायांशी आणि त्यांच्या बायकांशी बोलतं, आणि त्याचा अहवाल कुणालाही वाचता येईल असा छापला जातो. घरापासून दूर राहणं, सतत बदल्या, धोका, हुकूम नाकारता न येणं, या सगळ्याचे मूळ पगारात १४.५ टक्के वेगळे धरलेले असतात. आपल्याकडे लष्करी सेवा वेतनाची कल्पना तीच आहे, सहाव्या आयोगापासून ती आली. पण आपला आयोग दहा वर्षांतून एकदा बसतो. न्यायमूर्ती रंजना देसाईंच्या अध्यक्षतेखालच्या आत्ताच्या तीन जणांच्या आयोगातही गणवेशात आयुष्य काढलेलं कुणी नाही. बँकेतल्या माझ्या भावाची संघटना आहे, ती संप करू शकते. जवानाला संघटना करता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. मात्र ज्याला बोलण्याची मनाई आहे त्याच्या वतीने बोलणारं कुणी नेमणं हे मनाई करणाऱ्याचंच काम नाही का?

आता अग्निवीर. आमच्या वाड्यात मागच्या खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबातला मुलगा २०२३ मध्ये भरती झाला. कुटुंब भिंडकडचं, त्या घरात आजोबा फौजी, मामा फौजी. १४ जून २०२२ ला चार वर्षांच्या सैन्यभरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली आणि दोनच दिवसांनी ग्वाल्हेरच्या बिरलानगर स्टेशनवर मोडतोड झाली. तो दगड उचलणाऱ्यांत नव्हता. त्याच्या आईने त्याला तीन दिवस घराबाहेर पडू दिलं नाही, आणि चौथ्या दिवशी पहाटे तो परत मैदानात पळायला गेला. भरतीसाठी १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत.

पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले ३० टक्के सेवा निधीत कापले जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,०००. सरकार तेवढीच भर घालतं, आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये करमुक्त मिळतात. ऐकायला भरघोस वाटतं. पण यातली निम्मी मुद्दल त्याच्याच पगारातली आहे. सगळी रक्कम सात टक्क्यांनी ठेवली तर महिन्याला ६,८०० रुपयांच्या आसपास व्याज येईल, आणि मुद्दल तशीच ठेवायला बहिणीचं लग्न नको, घराची दुरुस्ती नको. ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही, लष्करी सेवा वेतन नाही, महागाई भत्ता नाही. शंभरातल्या पंचविसांना पुढे ठेवणार, पंचाहत्तर घरी.

त्याच चौकीवर, त्याच थंडीत, त्याच्या शेजारी उभा असलेला नियमित जवान पडला तर त्याच्या घरच्यांना आयुष्यभर कौटुंबिक पेन्शन आहे. अग्निवीर पडला तर ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान आणि उरलेल्या काळाचा पगार. मोठी रक्कम आहे, पण एकदाच. पाय गेला तरी टक्क्यांनुसार ४४, २५ किंवा १५ लाख, तेही एकदाच. माझ्या दृष्टीने अन्याय इथे आहे. गोळीला दोघांतला फरक कळत नाही, तो कागदावर केलेला आहे.

सरकारची बाजू मी समजून घेते. २०२५-२६ च्या ६.८१ लाख कोटींच्या संरक्षण अंदाजपत्रकात पेन्शनचा वाटा १.६१ लाख कोटी आहे, जवळजवळ चौथा हिस्सा. तो पैसा तोफांना, विमानांना जात नाही. सैन्याचं सरासरी वय ३२ वरून २६ वर यावं हेही सैन्यालाच हवं आहे. तरुण सैन्य ठेवा. पण त्याचा खर्च त्या तरुणाच्या पुढल्या चाळीस वर्षांतून वसूल करू नका.

हे मी इतक्या ठामपणे बोलते ते बागेतल्या त्या बाकामुळे. चार-सहा वर्षांत सोडून दिलेल्या सैनिकाचं पुढे काय होतं, हे या देशाने आधीच करून पाहिलं आहे. १९४८ ची गुरख्यांची पेन्शन योजना भारतीय सैन्याच्या दरांना बांधलेली होती. ती मिळायला पंधरा वर्षं लागायची. १९६७ ते १९७१ च्या कपातीत हजारो गुरखे पंधरा वर्षांच्या आत थोडे एकरकमी पैसे देऊन डोंगरात परत पाठवले गेले. त्यांची इतकी आबाळ झाली की १९६९ मध्ये त्यांच्यासाठी धर्मादाय ट्रस्ट उभा करावा लागला. लढले राणीसाठी, म्हातारपण गेलं देणगीदारांच्या पैशावर. मोठा लढा झाला तेव्हा कुठे २००९ मध्ये किमान चार वर्षं सेवा केलेल्या जुन्या गुरख्यांना इथे राहायचा हक्क मिळाला. चार वर्षं! सरकारला चाळीस वर्षांनी मान्य करावं लागलं की चार वर्षांच्या सेवेनेही देशावर ऋण चढतं. आणि पेन्शनचा प्रश्न तरीही सुटला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये डाऊनिंग स्ट्रीटसमोर ते तेरा दिवस उपोषणाला बसले होते.

आपल्या अग्निपथची बातमी आल्यावर नेपाळने भारतीय सैन्यातली गुरखा भरती २०२२ मध्ये थांबवली. त्यांच्या घराघरांत हा अनुभव आहे, त्यांना सांगावं लागलं नाही.

भाऊ मला म्हणतो, "ताई, तू तिकडे बसून बोलतेस, टॅक्स आम्ही भरतो." खरं आहे. म्हणून मी पेन्शन सगळ्यांना पूर्ण द्या असं म्हणत नाही. चार वर्षांची सेवा पुढच्या कुठल्याही सरकारी नोकरीत पेन्शनसाठी धरा. अपंग झालेल्याला आणि गेलेल्याच्या आई-वडिलांना महिन्याला द्या, एकदाच नको. आणि हे बरोबर चाललंय का ते दरवर्षी पाहून जाहीर सांगणारं कुणी नेमा. काकांना मी हे सांगितलं, तर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझी पेन्शन आहे म्हणून मी पैशाची गोष्ट नाही म्हणू शकतो, बाळ."

पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२७ च्या सुरुवातीला भरतील, आमच्या वाड्यातल्या मुलाची त्यानंतर काही महिन्यांनी. गेल्या आठवड्यात बाकावर बसून मी आजोबांना त्याच्याबद्दल सांगत होते. किती वर्षांची नोकरी, त्यांनी विचारलं. चार, मी म्हटलं. आणि नंतर काय मिळतं? मी त्यांना सेवा निधी समजावून सांगितला, अकरा लाखांचा आकडाही सांगितला. त्यांनी मान डोलावली, पिशवीतून मफलर काढून गळ्याभोवती गुंडाळला.

"हर महीने?"

"नाही. एकदाच."